चारचौघांत वाचावयाची कादंबरी

शाळेच्या वार्षिकांकात शिक्षकांनी लिहावयाचे म्हणजे थोडाफार उपदेश करावयाचा, असा एक संकेत पडून गेला आहे. हा लेख मात्र उपदेशासाठी लिहिलेला नाही. आमच्या वाचक मंडळात यंदा एक वाद झाला. त्या वादात माझे मत प्रथम काय होते, ते कसे बदलले आणि आज मी कोठे येऊन ठेपले आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे. विद्यार्थ्यांना ते पटले तर आनंदच आहे; न पटल्यास त्यांनी पुढल्या शनिवारी मंडळात येऊन मला खोडून काढावे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही काही जण एका वर्गात बसून कादंबरी वाचतो. वरच्या वर्गांतील दहाबारा विद्यार्थी, दोन-तीन शिक्षक आणि कधी एखादे पालक, असे आमचे मंडळ आहे. उपस्थिती पावसावर, कापसाच्या वेचणीवर आणि संत्र्यांच्या तोडीवर अवलंबून असते. यंदा वर्षारंभी प्रश्न निघाला की, या वर्षी कोणती कादंबरी घ्यावी? मुलांनी फळ्यावर नावे लिहिली. ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘ययाति’, ‘श्रीमान योगी’, ‘पानिपत’ ही नावे पहिल्या दोन मिनिटांतच आली. एक मुलगा म्हणाला, “बाई, पारितोषिक मिळालेलीच घेऊ या, म्हणजे ती चांगली असल्याची हमी राहील.” मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, “मग त्यातल्या त्यात पातळ कोणती आहे तीच घ्या.” सगळे हसले. मीही हसले, परंतु घरी जाताना मनात आले, या दोघांच्या कसोट्यांत फरक कितीसा आहे? एकाने पुस्तकाची पाने मोजली आणि दुसऱ्याने परीक्षकांची मते मोजली. पुस्तकात काय आहे, हे दोघांनीही विचारले नाही. आणि खरे सांगावयाचे तर, आपण चारचौघांत बसून कादंबरी वाचतो ती कशासाठी, हा प्रश्न मलाही तोवर पडला नव्हता.

वस्तुतः चारचौघांत वाचणे ही आपल्याकडील नवी गोष्ट नव्हे. श्रावणात एकाने श्रीधरकवींचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ वाचावा आणि दहा जणांनी ऐकावे, हा क्रम आपल्या गावांना शतकानुशतके परिचित आहे. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना अक्षरओळख नसे, तरी कथा मात्र सर्वांची असे. पुढे कादंबरी आली. बाबा पद्मनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. १८९० साली हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ हे पत्र सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. या शीर्षकाकडे जरा लक्ष द्या. ते शीर्षक म्हणजेच एक प्रश्न आहे. पोथी आणि कादंबरी यांतील अंतर माझ्या मते या प्रश्नचिन्हात सामावले आहे. पोथी ऐकणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो आणि त्या शेवटाला त्याची संमतीही असते. सर्वांनी मिळून ती संमती पुन्हा एकदा उच्चारावी, यासाठीच तो बसलेला असतो. कादंबरी ऐकणाऱ्यापुढे मात्र प्रश्न येऊन उभा राहतो. एका कोवळ्या विधवेची जी दशा झाली तिला जबाबदार कोण? सासरा, बाप, रूढी, की हे सारे पाहून गप्प बसलेले आपण? येथे श्रोत्यांची मते फाटतात. आणि ती फाटली म्हणजेच वाचन सुरू झाले, असे मी समजते.

यावरून माझी पहिली कसोटी निघते. प्रामाणिक वाचकांत जी कादंबरी मतभेद उत्पन्न करते, ती मंडळासाठी योग्य. जिच्याविषयी सर्वांचे आधीच एकमत आहे ती कितीही थोर असली तरी एकट्याने वाचावी.

फळ्यावरील नावांना मी नाके मुरडते आहे, असा गैरसमज कृपा करून कोणी करून घेऊ नये. ‘स्वामी’ १९६२ सालची आणि ‘मृत्युंजय’ १९६७ सालची. या कादंबऱ्यांनी मराठी माणसाच्या दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, हे त्यांचे ऋण आहे. मी स्वतः दहावीच्या सुट्टीत ‘मृत्युंजय’ तीन दिवसांत संपविली आणि चौथ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ केला. पण मंडळातील अनुभव निराळा आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही ती घेतली होती. ज्याने त्याने कर्णाविषयी आपली श्रद्धा व्यक्त केली, सर्वांनी माना डोलावल्या आणि वीस मिनिटांत चर्चा आटोपली. कर्णाने स्वतः, कुंतीने, दुर्योधनाने, वृषालीने, शोणाने आणि श्रीकृष्णाने सांगितलेली ही कथा आहे; तेव्हा एकाच माणसाकडे निरनिराळ्या बाजूंनी पाहण्याची सोय लेखकाने करून ठेवलेली आहे. परंतु आम्ही कर्णाला वंदन करून उठलो. दोष कादंबरीचा नव्हता, आमचा होता. आम्ही तिची पोथी केली.

पारितोषिकांविषयीही तेच म्हणता येईल. पारितोषिक हा परीक्षकांनी केलेला नमस्कार आहे. आपणही नमस्कार केलाच पाहिजे असे त्यात कोठे आहे? नंदा खरे यांच्या ‘उद्या’ या २०१४ सालच्या कादंबरीला साहित्य अकादमीचा २०२० चा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो स्वीकारला नाही. पुरस्कार नाकारल्याने ती कादंबरी लहान झाली नाही आणि घेतला असता तर मोठीही झाली नसती. येऊ घातलेल्या काळात माणसाची प्रत्येक हालचाल टिपली जाईल आणि तो टिपणारा कोण हे त्याला कळणारही नाही, ही त्या कादंबरीने दाखविलेली भीती खरी की खोटी, हे ज्याच्या त्याच्या खिशातील दूरध्वनीकडे पाहून ठरवावयाचे आहे.

आता माझी दुसरी कसोटी. ही मला पुस्तकांतून मिळाली नाही. ती बोरगावनेच मला शिकविली. तिची हकीकत थोडी सविस्तर सांगावी लागेल.

बऱ्याच वादानंतर आम्ही उद्धव शेळके यांची ‘धग’ घेतली. १९६० सालची ही कादंबरी वऱ्हाडातील आहे. कौतिक ही शिंप्याच्या घरची बाई, नवरा महादेव आळशी आणि दुबळ्या मनाचा, पदरी मुले, आणि पोटाच्या मागे गाव सोडून दुसऱ्या गावी गेल्यानेही न सुटणारे दारिद्र्य. पुढे नवऱ्याला महारोग होतो. कौतिक अखेरपर्यंत झगडते आणि अखेर खचते. कथा एवढीच, पण ती वाचताना वाचकाला घाम फुटतो. माणसे वऱ्हाडी बोलतात. येथे माझी पंचाईत झाली. मी गोव्याची, माझी मातृभाषा कोंकणी. यजमानांच्या नोकरीमुळे मी या मुलखात आले. मराठी वाङ्मय घेऊन मी पदवी मिळविली खरी, पण ‘काहून’, ‘वावर’, ‘इस्तो’, ‘थे’ हे शब्द आले की माझे वाचन अडखळू लागले. पहिल्या शनिवारी मी वाचीत होते आणि मुले तोंडावर हात धरून हसू आवरीत होती. शेवटी एका मुलीला राहवले नाही. ती म्हणाली, “बाई, असं नाही. मी वाचू का?” तिने पुस्तक घेतले. वर्गात एरवी तिचा आवाज मला कधी ऐकूही येत नसे. त्या दिवशी तिने वीस पाने वाचली आणि एकदाही अडखळली नाही.

त्यानंतर चौथ्या की पाचव्या शनिवारी एका विद्यार्थ्याची आजी त्याला शोधीत शाळेत आली. वाचन चालू होते म्हणून ती दाराशी टेकून बसली. उठली ती अगदी शेवटी. त्या दिवशी चर्चेत मी माझे मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले होते. कौतिकने असल्या नवऱ्याला सोडून जावयास हवे होते, असे माझे म्हणणे. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या संसारावर तोडगा सांगणे फार सोपे वाटते. माझे बोलणे संपताच दारातून आवाज आला, “कोठी जाईन थे, बाई? लेकरं घेऊन कोठी जाईन?”

वर्ग स्तब्ध झाला. माझ्यापाशी उत्तर नव्हते. क्षणभराने जिने पुस्तक वाचले होते तीच मुलगी उठली आणि आजीकडे वळून म्हणाली, “मंग आजी, जिंदगीभर जळतच रावं काय तिनं?” आजी काही वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “थेच तं मी बी इचारतो, पोरी.”

त्या दिवशी मला कळले की, ‘धग’ या कादंबरीतील पंडित मी नव्हते. भाषा त्या मुलीची होती आणि अनुभव त्या आजीचा होता. माझ्यापाशी होती ती केवळ पदवी. तेव्हापासून माझी दुसरी कसोटी अशी ठरली : ज्या कादंबरीत कोठे ना कोठे मंडळातील सर्वांत कमी शिकलेला माणूस शिक्षकापेक्षा अधिक जाणता ठरतो, ती कादंबरी मंडळासाठी उत्तम. वर्गात आम्ही सांगावे आणि तुम्ही ऐकावे, हे वर्षभर चालतेच. आठवड्यातून एकदा तरी हा क्रम उलटावा.

येथे मला माझ्या लहानपणाची एक गोष्ट आठवते. आमच्या घरी कोंकणी आणि शाळेत मराठी. विस्तवाला घरी आम्ही ‘उजो’ म्हणत असू. एकदा मी निबंधात तो शब्द लिहिला. शिक्षकांनी त्याभोवती तांबड्या शाईने वर्तुळ काढले आणि वर्गात विचारले, “हा कोणता शब्द? हा पुस्तकात आहे का?” त्यांचा हेतू वाईट नव्हता, ते शुद्धलेखन शिकवीत होते. पण मी मात्र असे शिकले की, आई जे बोलते ते पुस्तकात येण्याच्या योग्यतेचे नाही. पुढे महाविद्यालयात असताना दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’ ही कोंकणी कादंबरी हाती आली. १९८१ सालच्या या कादंबरीत गोव्याची एक बाई पोटासाठी कुवेतला जाऊन दुसऱ्याच्या घरी राबते. त्यातील बोलणे आमच्या शेजारच्या अंगणातले होते. मी रात्रभर वाचीत बसले आणि पहाटे मला रडू आले. कथा दुःखाची होती हे खरे. पण मला रडू आले ते आईची भाषा छापलेली पाहून. कोंकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. साहित्य अकादमीने १९७५ साली तिला मान्यता दिली, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश झाला. पण माझ्यापुरता तो वाद त्या पहाटे मिटला. आणि मी मराठीचीही राहिले. एका भाषेवर प्रेम करण्यासाठी दुसरीला टाकावे लागत नाही.

ही गोष्ट मी सांगितली ती आपल्या गावासाठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या दिवसापासून विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा नवा पांढुर्णा जिल्हा झाला. आपल्याला नागपूर जवळ आणि भोपाळ दूर. कचेरीचा कागद हिंदीत, बाजारातील बोलणे मिश्र, घरात कोणाची नागपुरी-वऱ्हाडीच्या वळणाची मराठी, कोणाची पवारी, कोणाची गोंडी, आणि पाठ्यपुस्तकात पुण्याची मराठी. अशा ठिकाणचे मूल फार लवकर एक गोष्ट शिकते : आपले बोलणे कोठेच बरोबर नाही. हिंदीत ते मराठी वळणाचे ठरते आणि मराठीत ते गावंढळ ठरते. मग ते गप्प बसावयास शिकते. वर्गातील जे शांत विद्यार्थी आम्हांला फार शिस्तीचे वाटतात, त्यांतील कित्येक शिस्तीने शांत नसतात. ते लाजेने शांत असतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आपणां सर्वांना अभिमान आहे. पण भाषा अभिजात ठरली आणि तिची मुले मुकी राहिली, तर त्या अभिमानाचे करावयाचे काय?

म्हणून कोणती कादंबरी निवडावी, हा प्रश्न मला केवळ आवडीनिवडीचा वाटत नाही. निवडीवरून ठरते की, वर्गातील कोणता आवाज फुटणार.

आता काही नावे सुचविते. प्रत्येक नावासोबत एक प्रश्नही देते, कारण प्रश्न नसेल तर नाव व्यर्थ आहे.

लहान वर्गांसाठी व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ घ्यावी. १९५५ सालची ही छोटी कादंबरी. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो. शाळेत मुले नाहीत. ती मेंढरांमागे गेलेली. हळूहळू वाडी त्याला आपला मानते. सर्वांच्या कष्टाने तालीम उभी राहते. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरे जातात, माणसे पांगतात, वाडी ओस पडते. प्रश्न असा की, मास्तराने वाडीला शिकविले की वाडीने मास्तराला? शिक्षकांनी ही कादंबरी विद्यार्थ्यांसमवेत वाचावी. थोडे अवघडल्यासारखे होईल, पण ते हितकारक आहे.

वरच्या वर्गांसाठी भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’. ती १९६३ साली आली तेव्हा लेखक पंचविशीत होता. खेड्यातून पुण्यास शिकावयास गेलेला पांडुरंग सांगवीकर रिकाम्या हाताने परत येतो. त्यातील धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग आमच्या मंडळात कोणालाही सलग वाचता आला नाही. प्रश्न असा की, पांडुरंग वाया गेला की शहाणा झाला? आपल्या गावातून जे विद्यार्थी नागपूरला वा छिंदवाड्याला शिकावयास जाणार आहेत, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर निघण्यापूर्वी एकदा आणि परतल्यावर एकदा द्यावे.

शेतकऱ्यांच्या घरातील मुलांसाठी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठी, सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’. २००२ सालच्या या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकनाथ तनपुरे हा शिकलेला तरुण. नोकरीसाठी द्यावयास पैसा नाही म्हणून तो शेतीत अडकतो; शेती पिकत नाही, पिकली तर विकली जात नाही; आणि नोकरदार नवऱ्याचे स्वप्न पाहिलेली त्याची पत्नी अलका घर सोडून जाते. प्रश्न असा की, अलका चुकली काय? आमच्या मंडळात या प्रश्नावर मुले आणि मुली समोरासमोर उभे राहिले. एक मुलगा तावातावाने म्हणाला, “शेतकऱ्याच्या घरी राहायची तयारी नव्हती तर लग्न कशाला केलं?” त्यावर एका मुलीने शांतपणे विचारले, “तुझ्या बहिणीला शेतकरी नवरा चालेल का?” मुलाच्या घरी त्याच महिन्यात बहिणीसाठी स्थळे पाहणे चालले होते. तो खाली बसला. पुढल्या शनिवारी येऊन त्याने सांगितले की, हा प्रश्न त्याने घरी वडिलांना विचारला आणि घरात दोन दिवस त्यावर बोलणे चालले. कादंबरी शाळेतून घरी गेली, याहून मंडळाचे यश ते कोणते?

धरणाच्या प्रश्नासाठी विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’, सन १९९१. आणि तिच्यानंतर कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’, जिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोन्हींचा विषय धरणाने उठविलेली माणसे हा आहे, पण तीस वर्षांच्या अंतराने लिहिताना दृष्टी कशी बदलते, हे पाहण्यासारखे आहे. आपल्याच भागात पेंच नदीवर तोतलाडोह आणि माचागोरा येथे धरणे झाली. त्या पाण्याने कोणाची शेते भिजली आणि कोणाची घरे बुडाली, या दोन्ही गोष्टी ठाऊक असणारी माणसे आपल्या नात्यागोत्यांत असतील. प्रश्न असा की, दहा गावांच्या सुखासाठी एका गावाने उठावे काय. आणि उठावेच लागले तर त्याचे मोल कोणी ठरवावे?

प्रौढ वाचकांच्या मंडळाला कविता महाजन यांची ‘ब्र’ सुचवीन. २००५ सालच्या या कादंबरीत प्रफुल्ला नावाची स्त्री आदिवासी भागांतील स्त्री-सरपंचांमध्ये काम करते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. पण खुर्ची मिळाली म्हणजे बोलणे मिळाले, असे होत नाही. ‘ब्र काढणे’ हा आपला जुना वाक्प्रचार. तो काढावयास किती बळ लागते, हे या पुस्तकात आहे. तीतील काही भाग कठोर आहे, म्हणून शालेय वर्गांसाठी नव्हे, तर माता-पालकांसाठी ती सुचविते.

या यादीवर दोन आक्षेप येतील. किंबहुना ते आलेच आहेत. पहिला असा की, या सर्व कादंबऱ्या दुःखाच्या आहेत. कोवळ्या मुलांना आनंदाचे काही वाचावयास द्यावे. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. मुलांना आनंद हवाच आणि पु. ल. देशपांडे यांच्यासारखे लेखक त्यासाठी ग्रंथालयात उपलब्ध आहेत. पण ज्या मुलाने घरी पीक बुडालेले पाहिले आहे त्याच्यापासून पुस्तकातील बुडालेले पीक लपविण्यात कोणाचे हित आहे? दुःख त्याच्या परिचयाचेच असते. ते एकट्याचे नाही आणि त्यावर बोलता येते, एवढेच त्याला नवे असते.

दुसरा आक्षेप भाषेचा. बोलीतील कादंबऱ्या वाचून मुलांचे शुद्धलेखन बिघडेल, असे एका सुजाण पालकांनी मला सांगितले. मी त्यांना ती पुस्तकाविना एरवी गप्प बसणारी मुलगी दाखविली. ‘धग’ वाचावयास लागल्यापासून ती वर्गात प्रश्न विचारू लागली आहे आणि प्रश्न प्रमाण मराठीत विचारते. ज्याला आपल्या बोलीची लाज वाटत नाही त्याला दुसरी भाषा शिकताना भीती वाटत नाही, असा माझा अनुभव आहे. लाज गेली की जीभ सुटते आणि जीभ सुटली की ती कोठलेही वळण घेऊ शकते.

शेवटी, असे मंडळ ज्यांना काढावयाचे असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. एकच प्रत पुरते. मोठ्याने आळीपाळीने वाचावे. अर्धा तास वाचन आणि अर्धा तास बोलणे, असा वेळ वाटावा. तात्पर्य कोणी सांगू नये. तात्पर्य सांगितले की चर्चा संपते. अडलेल्या शब्दासाठी कोशाकडे धावण्यापूर्वी विचारावे, “हा शब्द कोणाच्या घरी बोलतात?” आम्ही अशा शब्दांची एक वही केली आहे. तीत ‘इस्तो’ आहे, आणि मुलांच्या आग्रहावरून त्याच्या शेजारी ‘उजो’ही आहे. ज्या शब्दाभोवती एके काळी तांबडे वर्तुळ पडले होते तो आता बोरगावच्या एका वहीत निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरांत लिहिलेला आहे. पाचवी गोष्ट शिक्षकांसाठी : त्यांनी सर्वांच्या शेवटी बोलावे. मला ती अजून पुरती साधलेली नाही.

कोणती कादंबरी घ्यावी, या प्रश्नाला माझे उत्तर हे असे आहे. जी संपल्यावर मंडळी उठावयास तयार होत नाहीत, जिच्यावरून मित्र मित्राशी भांडतो आणि नात आजीला प्रश्न विचारते, ती घ्यावी. पुढील वर्षासाठी फळा कोरा आहे. विद्यार्थ्यांनी नावे आणावीत. मात्र प्रत्येकाने नावाबरोबर एक प्रश्न आणावा, आणि जमल्यास घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसालाही आणावे. दाराशी टेकून बसण्याचे कारण नाही. पुढे बाक रिकामे आहेत.